सांधा खरेच बदलला का? छोट्या रेल्वेतील डिजिटल सांध्यांची ओळख

तारापूर औद्योगिक वसाहतीला खेटून असलेल्या सालवडच्या रहिवाशांना रेल्वे परकी नाही. विरार-मुंबईकडे जाणारा असो वा पालघर-डहाणूकडून वसाहतीत येणारा, येथील नोकरदाराचा दिवस बोईसर स्थानकाशी बांधलेला असतो. गाडी स्थानकाजवळ येते, वेग मंदावतो, चाकांखाली एकदम खडखडाट होतो आणि डबा किंचित डोलून शेजारच्या मार्गावर सरकतो. सांधा बदलताना खडखडाट व्हायचाच, असे मराठीत सहज म्हटले जाते ते याच अनुभवावरून.

प्रवाशाच्या लेखी ही काही सेकंदांची बाब असते. रेल्वेच्या लेखी मात्र सारी सुरक्षितता या काही सेकंदांत सामावलेली असते. नेमकी हीच यंत्रणा टेबलावर मावेल एवढ्या आकारात घरी उभारण्याचा छंद जगभर रुजलेला असून, मराठी मुलखातही त्याचे चाहते आहेत. पूर्वी हे छोटे सांधे बोटाने वा बटणाने हलवले जात. आता ते अंकीय, म्हणजे डिजिटल, संदेशांवर हलतात. हे तंत्र काय आहे, ते कसे उभारावे आणि त्यात फसगत कोठे होते, याचा हा आढावा.

सांधा म्हणजे नेमके काय?

आगगाडीला सुकाणू नसते. ती कोठे जाणार हे चालक ठरवत नाही, रूळ ठरवतात. एका मार्गातून दुसरा मार्ग फुटतो त्या जागेला मराठीत सांधा आणि इंग्रजीवरून पॉइंट म्हणतात. सांध्यात दोन बाहेरचे रूळ पक्के असतात आणि त्यांच्या आत टोकाकडे निमुळते होत गेलेले, जिभेसारखे दोन रूळ सरकते असतात. डावी जीभ बाहेरच्या रुळाला चिकटली की गाडी एका दिशेला जाते, उजवी चिकटली की दुसऱ्या दिशेला. पुढे, दोन मार्गांचे आतले रूळ जेथे एकमेकांना छेदतात, त्या पाचरीसारख्या भागाला क्रॉसिंग म्हणतात. छांदिष्टांच्या बोलीत त्याचे नाव फ्रॉग, म्हणजे बेडूक.

सांध्याची वक्रता जितकी तीव्र तितकी त्यावरून वळण्याची गती कमी. भारतीय रेल्वेत १ः८.५ आणि १ः१२ या प्रमाणांचे सांधे सर्वाधिक आढळतात. १ः१२ च्या सांध्यावरून बाजूच्या मार्गात शिरणाऱ्या गाडीला साधारणतः ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असते. सरळ जाणारी गाडी त्याच सांध्यावरून शंभराहून अधिक वेगाने निघून जाते. म्हणूनच सांधा कोणत्या बाजूला लागला आहे, हे गाडी येण्याआधी निःसंशय ठाऊक असावे लागते.

मोठ्या रेल्वेचा नियम: हुकूम वेगळा, पुरावा वेगळा

एके काळी सांधेवाला हातातील लोखंडी दांडा ओढून सांधा फिरवी. पुढे तारा आणि सळ्यांच्या साह्याने केबिनमधून अनेक सांधे एकत्र हाताळता येऊ लागले. १८५६ मध्ये इंग्लंडमधील जॉन सॅक्सबी याने सांधे आणि सिग्नल यांना परस्परांशी जखडणाऱ्या रचनेचे एकस्व मिळवले. सांधा चुकीचा असेल तर सिग्नलचा दांडा हलूच नये, हा त्यामागचा विचार होता. त्यालाच आज इंटरलॉकिंग म्हणतात. दांड्यांची जागा पुढे रिलेंनी आणि मग संगणकाने घेतली. विचार तोच राहिला.

आज बहुतेक स्थानकांत रुळालगत बसवलेल्या लोखंडी पेटीतील विद्युत मोटार सांधा फिरवते. या पेटीला पॉइंट मशीन म्हणतात. तिचे काम तीन टप्प्यांचे असते. जिभा सरकवणे हा पहिला टप्पा. त्या जागेवर कुलूपबंद करणे हा दुसरा. आणि त्या खरोखरच चिकटल्या व जखडल्या गेल्या आहेत हे तपासून स्टेशन मास्तरांच्या फलकाकडे कळवणे हा तिसरा. या तिसऱ्या टप्प्यासाठी जिभांना स्वतंत्र सळ्या जोडलेल्या असतात. मोटार फिरली एवढ्यावर यंत्रणा विश्वास ठेवत नाही. रूळ हलल्याचा पुरावा ती रुळांकडूनच मागते.

या पुराव्याची कसोटीही कडक असते. देखभाल करणारे कर्मचारी जीभ आणि बाहेरचा रूळ यांच्यामध्ये ५ मिलिमीटर जाडीची पट्टी मुद्दाम धरतात आणि सांधा फिरवतात. अशा वेळी कुलूप लागता कामा नये, फलकावर सांधा लागल्याची खूण येता कामा नये आणि सिग्नल हिरवा होता कामा नये. तसे झाले तर यंत्र नापास. छोट्या रेल्वेतील डिजिटल सांध्यांकडे वळताना हा नियम ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण त्या तंत्राचा सर्वांत मोठा कच्चा दुवा इथेच आहे.

टेबलावरची आगगाडी

छोट्या रेल्वेचे अनेक आकार आहेत. त्यांतील सर्वाधिक लोकप्रिय आकार एचओ या नावाने ओळखला जातो. त्याचे प्रमाण १ः८७ आणि दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. हे अंतर युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून काढलेले आहे. भारतातील १,६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज मार्ग याच प्रमाणात काटेकोरपणे बनवायचा तर अंतर सुमारे १९.३ मिलिमीटर ठेवावे लागेल. बाजारात मिळणारे तयार रूळ तेवढे रुंद नसल्याने येथील बहुतेक छांदिष्ट १६.५ मिलिमीटरच्या रुळांवरच भारतीय रंगांचे डबे धावताना पाहून समाधान मानतात. जागा कमी असेल तर १ः१६० प्रमाणाचा आणि ९ मिलिमीटर रुळांचा एन हा आकार सोयीचा पडतो.

महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत परिचित ठिकाण म्हणजे पुण्याच्या कोथरूडमधील जोशींचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून ते उभे राहिले आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. एका छोट्या शहराभोवती धावणाऱ्या गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल आणि दिव्यांनी उजळणारी रात्र पाहण्यासाठी शाळांच्या सहली तेथे जाऊ लागल्या. जगाच्या पातळीवर जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे २००१ मध्ये सुरू झालेले मिनिएचर वंडरलँड हे या छंदाचे तीर्थक्षेत्र मानले जाते. तेथे एक हजाराहून अधिक गाड्या असून त्यांचे नियंत्रण संगणकाकडे आहे.

अंकीय नियंत्रणाची मुळे मात्र याहून जुनी आहेत. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९४६ साली स्थापन झालेल्या विद्यार्थ्यांच्या रेल्वे मंडळाने टेलिफोन एक्स्चेंजमधील जुनी उपकरणे जमवून आपले सांधे आणि गाड्या हाताळल्या. त्यांतील अनेक विद्यार्थी पुढे संगणकाकडे वळले. ‘हॅकर’ हा शब्द संगणकाच्या संदर्भात रूढ करण्याचे बरेचसे श्रेय याच मंडळाला दिले जाते.

दोन तारांवरचे टपाल

जुन्या पद्धतीत प्रत्येक सांध्यासाठी स्वतंत्र बटण आणि तेथपर्यंत जाणाऱ्या स्वतंत्र तारा लागत. वीस सांधे म्हणजे टेबलाखाली तारांचे जंगल. डिजिटल पद्धतीत सर्व सांधे एकाच दोन तारांच्या जोडीला लावले जातात आणि त्याच तारांवरून वीज व संदेश दोन्ही जातात. या पद्धतीचे नाव डीसीसी. जर्मनीतील लेन्झ या कंपनीच्या कामावर आधारलेली ही पद्धत अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात मानक म्हणून स्वीकारली. त्यामुळे एका कंपनीचे नियंत्रक यंत्र आणि दुसऱ्या कंपनीचे इंजिन परस्परांशी बोलू शकतात.

संदेशाची लिपी साधी आहे. तारांवरील विजेची दिशा सतत उलटसुलट होत असते. प्रत्येक अर्धा हेलकावा ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो अंक एक, आणि १०० मायक्रोसेकंद वा अधिक असेल तर शून्य. अशा अंकांची माळ म्हणजे एक पत्र. पत्राच्या आरंभी सावधानतेचा इशारा, मग पत्ता, मग हुकूम आणि शेवटी चूक ओळखण्यासाठी ताळा. सांध्यासाठीचे असे एक पत्र सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत पोहोचते.

प्रत्येक सांध्याजवळ डीकोडर नावाचे छोटे मंडल असते. सर्व डीकोडर सर्व पत्रे ऐकतात आणि स्वतःच्या पत्त्याचे पत्र आले तरच हालचाल करतात. मानकानुसार सांधे व सिग्नल यांच्यासाठी २,०४४ पत्ते उपलब्ध आहेत, म्हणजे घरगुती मांडणीला पुरून उरतील इतके. इंजिनांचे पत्ते वेगळ्या वर्गात मोडतात. त्यामुळे ५ क्रमांकाचे इंजिन आणि ५ क्रमांकाचा सांधा एकत्र नांदू शकतात.

सांधा हलवणारे तीन हात

डीकोडर केवळ हुकूम समजून घेतो. प्रत्यक्ष जिभा सरकवण्यासाठी तीन प्रकारची साधने प्रचलित आहेत.

पहिले साधन जुळ्या वेटोळ्यांचे. एका वेटोळ्यातून वीज गेली की लोखंडी गज एका बाजूला ओढला जातो, दुसऱ्यातून गेली की दुसऱ्या. हालचाल झटक्याची आणि ‘खट्’ आवाजाची. त्याला क्षणभरच, पण बरीच वीज लागते. ती अधिक काळ चालू राहिली तर वेटोळे तापून जळते. म्हणून संधारित्रात साठवलेली वीज एकदम सोडणारे मंडल वापरतात. असे मंडल बहुतेक डीकोडरांत अंतर्भूतच असते.

दुसरे साधन मंद गतीच्या मोटारीचे. त्यातील ‘टॉर्टॉइज’ ही अमेरिकी मोटार, म्हणजे नावाप्रमाणेच कासव, विशेष प्रसिद्ध आहे. सुमारे तीन सेकंदांत ती सांधा हळूच फिरवते आणि टोकाला पोहोचल्यावर रेटा कायम ठेवून थांबते. थांबलेल्या स्थितीतही ती जेमतेम १५ मिलिअँपिअर वीज घेते, त्यामुळे जळण्याची भीती नाही. शिवाय तिच्यात जादा स्विच असतात, त्यांचा उपयोग पुढे येईल.

तिसरे साधन सर्व्हो. खेळण्यातील विमानांसाठी बनलेली ही छोटी मोटार स्वस्त असून इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांत सहज मिळते. तिला दर २० मिलिसेकंदांनी एक ठोका द्यावा लागतो. ठोका १ मिलिसेकंदाचा असेल तर ती एका टोकाला, २ मिलिसेकंदांचा असेल तर दुसऱ्या टोकाला वळते. २००५ पासून आर्डुइनो हे सर्वसामान्यांना परवडणारे नियंत्रक मंडल आल्यावर सर्व्होचे सांधे घरच्या घरी बनवणे विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आले.

उभारणीचा क्रम

सरावलेले छांदिष्ट ही कामे ठरावीक क्रमाने करतात आणि नवख्यांनीही तो क्रम मोडू नये असे सांगतात.

सर्वप्रथम सांधा हाताने तपासावा. बोटाने सरकवल्यावर दोन्ही जिभा बाहेरच्या रुळाला काठोकाठ बसतात का, मोकळा डबा ढकलला असता तो दोन्ही दिशांनी न अडखळता जातो का, हे पाहावे. हाताने न बसणारा सांधा मोटारीने बसत नाही.

त्यानंतर मोटार बसवावी. टेबलाखालून येणारी पोलादी तार जिभा जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या छिद्रात बरोबर मध्यावर यायला हवी. ती जराही तिरकी असेल तर एका बाजूला जोर पडतो आणि दुसरीकडे फट राहते. सर्व्होच्या बाबतीत कोन थोडा थोडा वाढवत नेऊन, जीभ टेकल्यावर किंचितच दाब राहील तेथे थांबावे. दाब जास्त राहिला तर मोटार गुणगुणत राहते आणि तापते.

तिसरी पायरी पत्ता देण्याची. बहुतेक डीकोडरांवर एक बटण असते. ते दाबून ठेवले की डीकोडर शिकाऊ अवस्थेत जातो आणि त्यानंतर नियंत्रकावरून ज्या क्रमांकाच्या सांध्याला हुकूम दिला जाईल, तो क्रमांक स्वतःचा म्हणून लक्षात ठेवतो. काही डीकोडर एका वेळी सलग चार पत्ते घेतात. वेगवेगळ्या उत्पादकांची यंत्रे एकत्र वापरताना क्रमांकांत चारचा फरक पडल्याचेही आढळते. १ क्रमांकाला हुकूम दिला आणि ५ क्रमांकाचा सांधा हलला, तर यंत्र बिघडले असे न मानता हा फरक आधी तपासावा.

शेवटी टेबलाखाली प्रत्येक डीकोडरवर आणि मांडणीच्या कागदी नकाशावर पत्ता लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी बिघाड शोधताना या नोंदीइतके उपयोगी दुसरे काही नसते.

सांध्यातच अडकलेला सांधा

डिजिटल मांडणीत हमखास घडणारा एक पेच असा. क्रॉसिंगचा धातूचा भाग दोन्ही मार्गांत सामाईक असल्याने सांधा ज्या बाजूला लागेल त्यानुसार त्याची वीज बदलावी लागते. मंद मोटारीतील जादा स्विच या कामी येतो. आता सांधा उलट बाजूला लागलेला असताना मागून एखादे इंजिन आले, तर त्याची चाके दोन विरुद्ध तारा जोडतात आणि शॉर्ट सर्किट होते. संरक्षण म्हणून वीजपुरवठा करणारे यंत्र तत्काळ बंद पडते.

उपाय सोपा वाटतो. सांधा सरळ करा, म्हणजे शॉर्ट सुटेल. पण सांध्याचा डीकोडरही त्याच रुळांवरून वीज घेत असेल तर तोही बंद पडलेला असतो. सांधा हलल्याशिवाय वीज येत नाही आणि वीज आल्याशिवाय सांधा हलत नाही. अखेरीस इंजिन हाताने उचलावे लागते.

यासाठी सांध्यांच्या डीकोडरांना रुळांपासून अलग, स्वतंत्र संरक्षित वाहिनी देण्याची पद्धत आहे. गाड्यांचा पुरवठा खंडित झाला तरी सांध्यांचा चालू राहतो. सर्व्हो वापरणाऱ्यांनी त्यांची ५ व्होल्टची वीजही वेगळ्या स्रोतातून घ्यावी. आर्डुइनोवरूनच अनेक सर्व्हो चालवायला गेल्यास मंडल मध्येच पुन्हा सुरू होते आणि सर्व सांधे एकदम उड्या मारतात.

उलट टपालाचा प्रश्न

एवढे सारे नीट जमले तरी मूळ प्रश्न उरतोच. नियंत्रकाने पत्र पाठवले. सांधा हलला का? डीसीसीच्या मूळ मानकात सांध्याकडून पोच येण्याची सोय नव्हती. पडद्यावरील सांध्याचे चित्र बदलते ते पत्र पाठवल्यामुळे. रुळांवर खडा अडकला असेल, तार निसटली असेल वा मोटार जळली असेल, तरी चित्र तेच दाखवते. मोठ्या रेल्वेने दीड शतकात शिकलेला धडा येथे सहज विसरला जातो, कारण पडद्यावरची रेषा डोळ्यांना फार विश्वासार्ह वाटते.

पोच मिळवण्याच्या पद्धती पुढे विकसित झाल्या. मार्क्लिन कंपनीची एस-८८, डिजिट्रॅक्सची लोकोनेट, लेन्झची रेलकॉम ही त्यांतील परिचित नावे. त्यांच्यातील तांत्रिक भेद अनेक असले तरी मर्म एकच आहे: सांध्याजवळील स्विच बंद की उघडा, हे परत संगणकाला कळवणे. पण हा स्विच कोठे बसवायचा, हा निर्णय पद्धत निवडण्याइतकाच महत्त्वाचा आहे. मोटारीतील स्विच मोटार फिरल्याचे सांगतो. मोटार आणि जीभ यांना जोडणारी तार तुटली असेल तर तो स्विच बिनदिक्कत खोटे बोलतो. जिभांच्या आडव्या पट्टीला टेकवलेला छोटा मायक्रोस्विच पट्टीची खरी जागा सांगतो. काम थोडे कटकटीचे असले तरी ज्या सांध्यांवर भरधाव गाड्या जातात, तेथे तरी ते करावे.

मोठ्या रेल्वेतील ५ मिलिमीटर पट्टीची कसोटीही घरी घेता येते. १ः८७ प्रमाणात ५ मिलिमीटर म्हणजे ०.०६ मिलिमीटरहूनही कमी, वहीच्या कागदापेक्षाही पातळ. तेवढी अचूकता घरगुती साधनांत शक्य नाही. पण भेटकार्डाचा तुकडा जीभ आणि रूळ यांच्यात धरून सांधा फिरवावा आणि पडदा काय सांगतो ते पाहावे. कार्ड अडकलेले असतानाही पडद्यावर सांधा लागल्याची खूण आली, तर ती खूण सांध्याची नसून फक्त हुकुमाची आहे, हे निश्चित समजावे.

पोच मिळू लागली की पुढचे पाऊल इंटरलॉकिंगचे. जेएमआरआय या विनामूल्य संगणक प्रणालीत सांधा लागल्याची पोच आल्याखेरीज सिग्नल हिरवा होऊ न देणे, सांध्यावर गाडी उभी असताना तो हलू न देणे आणि एका कळीसरशी आख्खा मार्ग लावणे, असे नियम घालता येतात. सॅक्सबीने लोखंडी दांड्यांनी साधलेली गोष्ट येथे काही ओळींत लिहिली जाते.

खारी हवा, दमट पावसाळा

बोईसर-तारापूर परिसरात हा छंद जोपासणाऱ्याला आणखी काही गोष्टींची दखल घ्यावी लागते. समुद्र जवळ असल्याने हवा खारी आणि दमट. रुळांवर आणि स्विचच्या टोकांवर काळा थर लवकर धरतो आणि चिकटलेली जीभही वीज वाहून नेत नाही. म्हणून जिभांच्या स्पर्शावर विसंबून न राहता प्रत्येक जिभेला स्वतंत्र बारीक तार डाखून वीज द्यावी. पावसाळ्यात साधे प्लायवूड फुगते आणि मार्चमध्ये बिनचूक बसणारा सांधा ऑगस्टमध्ये फट दाखवतो. पाण्याला टिकणारे प्लायवूड घेऊन त्याच्या कडांना रंग लावल्यास हा त्रास बराच कमी होतो.

वीज अचानक गेली आणि आली तर काही डीकोडर सांध्याची शेवटची स्थिती विसरतात. नियंत्रक एक समजतो आणि रूळ दुसरेच असतात. त्यामुळे मांडणी सुरू करताना प्रत्येक सांधा एकदा दोन्ही बाजूंना फिरवून ठरलेल्या स्थितीत आणण्याची सवय लावावी.

घरात मोठ्या मांडणीला जागा नसते, ही अडचण खरी. आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद फळीवर मात्र एक स्थानक, दोन बाजूचे मार्ग आणि चार सांधे सहज मावतात. गणेशोत्सवातील हलत्या देखाव्यांसाठी मोटारी, रिले आणि वेळेची गणिते जुळवणाऱ्या हातांना हे काम अवघड जाणार नाही. औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या नियंत्रण फलकांशी रोज खेळणाऱ्या तंत्रज्ञांना तर त्यातील बरेचसे ओळखीचे वाटेल.

खेळण्यापलीकडे

हुकूम आणि पुरावा यांतील फरक टेबलावर फारसा महाग पडत नाही. इंजिन घसरते, उचलून पुन्हा ठेवले जाते. प्रत्यक्ष मार्गावर याच फरकाची किंमत २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकात मोजावी लागली. मुख्य मार्गाचा सिग्नल हिरवा होता, सांधा मात्र बाजूच्या मार्गाला लागलेला होता. ताशी सुमारे १२८ किलोमीटर वेगाने आलेली कोरोमंडल एक्स्प्रेस तेथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. सिग्नल मंडलात केलेल्या फेरबदलांमधील त्रुटी हे अपघाताचे कारण असल्याचे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निष्पन्न झाले. यंत्रणा पुरावा मागत होती, पण चुकीच्या जोडणीमुळे तिला मिळणारा पुरावाच खोटा होता.

पालघर जिल्ह्यातील प्रवाशांना हा विषय दूरचा वाटू नये. मुंबई-सुरत लोहमार्ग १८६४ पासून या किनाऱ्याने जातो आणि एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्याही धावू लागल्या. २८ मे २०२४ रोजी पालघर स्थानकात मालगाडीचे डबे घसरले, तेव्हा डहाणू-विरार सेवा आणि मुंबई-गुजरात वाहतूक कशी कोलमडली, हे सालवड-बोईसरच्या रहिवाशांनी अनुभवले आहे. विरार ते डहाणू रोड मार्गाच्या चौपदरीकरणाला मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. नवा मार्ग जोडायचा म्हणजे स्थानकातील सांधे, सिग्नल आणि त्यांना जखडणारी मंडले यांत फेरबदल आलेच. अशा कामांसाठी ब्लॉक जाहीर होतो, गाड्या रद्द होतात आणि फलाटावर चडफड होते. त्या तासांत बरेचदा नेमके हेच चाललेले असते: प्रत्येक सांधा फिरवून, फलकावरील खूण आणि जमिनीवरील रूळ यांचा मेळ एकेक करून तपासून पाहणे.

घरातील फळीवर चार सांधे बसवणाऱ्या शाळकरी मुलाला या कामाचे महत्त्व कोणी समजावून सांगावे लागत नाही. भेटकार्डाचा तुकडा अडकलेला असूनही पडद्यावर हिरवी रेषा उमटलेली त्याने एकदा पाहिली, की पुढच्या वेळी तो पडद्याकडे पाहण्याआधी वाकून रुळांकडे पाहतो.